आधी विषय, मग शाखा

जून उजाडला की आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर दोन कामं एकदम अंगावर येतात. पेठ, कुरवंडी, थुगाव, भावडी, कारेगाव, पारगाव, कोल्हारवाडी या गावांत पावसाच्या भरवशावर बटाट्याची लागवड सुरू होते. ज्या घरात दहावी पास झालेलं मूल आहे, तिथे त्याच दिवसांत अकरावीच्या प्रवेशाची धावपळ असते. बियाण्याचा भाव, वाफसा, मजूर यांवर घरात आठवडाभर खल चालतो. अकरावीचा निर्णय मात्र "सायन्स की कॉमर्स?" एवढ्या एका प्रश्नात उरकला जातो. टक्के भरपूर असले तर सायन्स, बेताचे असले तर कॉमर्स, त्याहून कमी असले तर आर्ट्स, असा एक ठोकताळा गावोगाव रूढ झाला आहे.

या ठोकताळ्यात एक मोठी गफलत आहे. पुढच्या प्रवेशपरीक्षा, पदव्या आणि भरत्या शाखेचं नाव क्वचितच विचारतात. बारावीला कोणते विषय होते आणि त्यांत किती गुण पडले, हे त्या विचारतात. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या दोन मुलींपैकी एकीला अभियांत्रिकीला जाता येतं आणि दुसरीला येत नाही, कारण दुसरीने गणित सोडलेलं असतं. म्हणून आखणी शाखेपासून सुरू करू नये. बारावीनंतर काय करायचं आहे तिथून मागे यावं, त्याला कोणते विषय लागतात ते पाहावं, आणि त्या विषयांवरून शाखा व कॉलेज ठरवावं.

सहा विषयांचा साचा

राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत सहा विषय असतात. प्रत्येकी १०० गुण, एकूण ६००. इंग्रजी सगळ्यांना सक्तीचं. दुसरा विषय एखादी भाषा, बहुतेकांची मराठी किंवा हिंदी; काही कॉलेजांत तिच्याऐवजी माहिती तंत्रज्ञान म्हणजे आयटी घेता येतं. उरलेले चार विषय निवडीचे. शिवाय पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा आणि आरोग्य व शारीरिक शिक्षण हे दोन विषय असतात, पण त्यांना श्रेणी मिळते, ती ६०० मध्ये धरत नाहीत.

विज्ञान शाखेत निवडीचे चार विषय बहुधा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हे असतात. चारही घेतले तर गणित आणि जीवशास्त्र दोन्हीकडच्या वाटा उघड्या राहतात, पण अभ्यासाचा भार जड होतो. गणित किंवा जीवशास्त्र सोडलं, तर त्या जागी भूगोलासारखा दुसरा विषय येतो. काही कॉलेजांत द्विलक्ष्यी विषयाची सोय असते, ज्याला बोलीत 'बायफोकल' म्हणतात. संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्ससारखा एक विषय २०० गुणांचा असतो. तो घेतला की दुसरी भाषा आणि निवडीचा एक विषय, बहुतेक वेळा जीवशास्त्र, गळतो.

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राला लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० असे गुण असतात. गणिताला लेखी ८० आणि अंतर्गत २०. पास व्हायला १०० पैकी ३५ पुरतात. पुढच्या प्रवेशासाठी मात्र ३५ पुरत नाहीत. तो हिशेब पुढे येईल.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ऑनलाइन अर्जात आपण कॉलेज आणि शाखा निवडतो. नेमके विषय ठरतात ते प्रवेशाच्या दिवशी, कॉलेजच्या खिडकीवर. मागे रांग लागलेली असते आणि कारकून विचारतो, "मॅथ्स ठेवायचंय का? आयटी की मराठी?" पुढची पाच-सहा वर्षं ज्यावर अवलंबून आहेत, त्या प्रश्नाचं उत्तर तिथे अर्ध्या मिनिटात द्यावं लागतं. ते घरून ठरवून, कागदावर लिहून नेलेलं असावं.

दहावीची गुणपत्रिका वाचताना

दहावीच्या टक्क्यांवर फार विसंबू नये. दहावीत सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून टक्केवारी निघते, म्हणजे कच्चा विषय हिशेबातून गळलेला असू शकतो. शिवाय गणिताच्या १०० गुणांत बीजगणित ४०, भूमिती ४० आणि अंतर्गत २० असतात. विज्ञानातही दोन भाग ४०-४०चे आणि २० अंतर्गत. अंतर्गत गुण बहुतेकांना भरघोस मिळतात. त्यावर चित्रकला किंवा खेळाचे सवलतीचे गुणही असू शकतात.

समजा, पठारावरच्या एका मुलाला ८४ टक्के आहेत. घरात पेढे वाटून झाले, सायन्स ठरलं. गुणपत्रिका उघडून पाहिली तर संस्कृत ९४, मराठी ८८, सामाजिक शास्त्रं ८७, विज्ञान ७९, इंग्रजी ७२ आणि गणित ५८. हे ५८ पाच विषयांच्या बेरजेत आलेच नाहीत. त्यांतले १८ अंतर्गत असतील, तर लेखीत त्याने ८० पैकी ४० मिळवले. याचा अर्थ त्याने गणित घेऊ नये असा होत नाही. पण अकरावीचं गणित दहावीच्या गणिताच्या पायावर उभं राहतं, म्हणून निकाल लागल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतचे आठवडे त्याने बीजगणित आणि त्रिकोणमिती पुन्हा करण्यात घालवायला हवेत. त्याची तयारी नसेल, तर ८४ टक्क्यांचा आधार घेऊन गणिताकडे जाऊ नये.

दुसरी अडचण माध्यमाची. आपल्याकडची बरीच मुलं मराठी माध्यमातून येतात, काही सेमी इंग्रजीतून. अकरावीत विज्ञानाची पुस्तकं इंग्रजीत असतात. पहिल्या चाचणीत गुण घसरले की घरात "झेपत नाही" असा निकाल लावला जातो. पुष्कळदा विषय झेपत असतो, शब्द नवे असतात. पहिले तीन महिने रोज वीस-पंचवीस संज्ञा मराठी अर्थासह वहीत उतरवल्या, तर दिवाळीपर्यंत ही अडचण बरीच ओसरते. राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेशपरीक्षेत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतूनही मिळू शकतात, गणिताचे फक्त इंग्रजीत. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची प्रश्नपत्रिकाही मराठीत घेता येते.

कोणत्या विषयाने कोणतं दार उघडतं

गणितापासून सुरुवात करू. अभियांत्रिकीच्या पदवीसाठी बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. आर्किटेक्चरला गणित लागतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत बी.एस्सी. संगणकशास्त्राला गणित लागतं. एनडीएच्या लष्करी विभागाला कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण नौदल आणि हवाई दलासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. अग्निवीर भरतीतही असाच फरक आहे. जनरल ड्यूटीला दहावी पुरते; तांत्रिक पदासाठी बारावीला भौतिक, रसायन, गणित आणि इंग्रजी हे विषय लागतात.

जीवशास्त्राकडे एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस आणि पशुवैद्यक या वाटा आहेत. या सगळ्या नीटमधून जातात. बी.एस्सी. नर्सिंगलाही जीवशास्त्र लागतं आणि त्याची राज्याची वेगळी सीईटी असते. जीएनएम या नर्सिंग पदविकेला मात्र कोणत्याही शाखेची बारावी चालते. कला शाखेतल्या मुलींना हे बऱ्याचदा कुणी सांगितलेलंच नसतं. फार्मसी आणि बी.एस्सी. कृषी या दोन वाटा गणितवाल्यांना आणि जीवशास्त्रवाल्यांना, दोघांनाही मोकळ्या आहेत.

आपल्या भागातलं एकच उदाहरण घेऊ: दूध. आंबेगाव-जुन्नरमध्ये गोठा नसलेली वस्ती शोधावी लागेल, आणि मंचर परिसरात दूध प्रक्रियेचे मोठे प्रकल्प आहेत. समजा, मुलीने ठरवलं की या धंद्यात शिकून उतरायचं. गाईच्या आरोग्यात रस असेल तर पशुवैद्यकाची पदवी, जीवशास्त्र आणि नीट. सर्वांत जवळचं सरकारी पशुवैद्यक महाविद्यालय शिरवळला आहे. दुधाचं चीज, पनीर, पावडर कशी होते यात रस असेल तर डेअरी टेक्नॉलॉजी, आणि त्याला गणित. दूध संस्थेचा हिशेब, फॅटचा दर, बँकेचं कर्ज यात रस असेल तर वाणिज्य शाखा. प्रक्रिया प्रकल्पातली यंत्रं सांभाळायची असतील तर आयटीआय किंवा डिप्लोमा. धंदा एकच, विषय चार तऱ्हेचे. "शेतीशी संबंधित काहीतरी" एवढं ठरवून विषय निवडता येत नाहीत. त्या धंद्यातलं नेमकं कोणतं काम, इथपर्यंत यावं लागतं.

बी.एस्सी. कृषीबद्दल थोडं जास्त. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ हे आपल्या पट्ट्याचं विद्यापीठ, बाकी तीन अकोला, दापोली आणि परभणीला. प्रवेश सीईटीवर होतो. सातबारा असलेल्या कुटुंबातल्या मुलांना या प्रवेशात अधिभार मिळत आला आहे. म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचून आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावाचा उतारा वेळेत काढून ठेवावा. निवड ठरवण्याआधी नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात एक दिवस घालवावा. पदवीधर तिथे रोज काय करतात ते दिसलं, की आवडीचं पारडं कुठे झुकतं तेही कळतं.

भौतिकशास्त्राची आवड असलेल्यांना तर अशा भेटीसाठी पठारावरून अर्धा दिवस पुरतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यांतल्या १४ मध्यभागी आणि १६ तीन दिशांना लांबवर पसरलेल्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे प्रदर्शन भरतं. खगोलशास्त्रात संशोधन करणारे, इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते, सर्वो मोटारींची दुरुस्ती करणारे डिप्लोमाधारक आणि फिटर अशा सगळ्यांच्या कामावर ती दुर्बीण चालते. आठवी-नववीतल्या मुलांना हे दाखवण्यासारखं आहे.

वाणिज्य आणि कला

वाणिज्य शाखेत पुस्तपालन व लेखाकर्म, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन व व्यवस्थापन, चिटणीसाची कार्यपद्धती हे नेहमीचे विषय. त्यांच्या जोडीला गणित व संख्याशास्त्र, आयटी किंवा सहकार. यांतलं गणित बरेच जण टाळतात. सीए फाउंडेशन, बँकेच्या परीक्षा किंवा पुढे एमबीए मनात असेल, तर ते टाळू नये. बीबीए आणि बीसीएला कोणतीही शाखा चालते, पण २०२४ पासून राज्याने त्यासाठी सीईटी सुरू केली आहे, हे ध्यानात ठेवावं. सहकार हा विषय आपल्याकडे हसण्यावारी नेला जातो. दोन सहकारी साखर कारखाने, गावोगावच्या विकास सोसायट्या, पतसंस्था आणि दूध संस्था ज्या भागात आहेत, तिथे त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पठारावर वेफर्सच्या कंपन्यांशी बटाट्याचे करार होतात. तो करार वाचून त्यातली मेख ओळखणारं माणूस प्रत्येक घरात हवं असतं.

कला शाखा कमी गुणांची जागा, हा समज सोडून द्यावा. राज्यशास्त्र, इतिहास, भूगोल आणि अर्थशास्त्र हे चार विषय नीट केले, तर ते एमपीएससीच्या सामान्य अध्ययनाचा पाया ठरतात. पोलीस शिपाई भरतीला बारावी लागते, शाखा कोणतीही. कायद्याची पाच वर्षांची पदवी बारावीनंतर सीईटी देऊन करता येते. जुन्नर तालुक्याला २०१८ मध्ये विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री, ओझर इथे येणाऱ्यांना इतिहास आणि भूगोल सांगणारे जाणकार तरुण हवेतच.

बारावी न करता

दहावीनंतर अकरावीच केली पाहिजे असं नाही. पेठहून अवसरी घाट उतरून गेलं की अवसरी खुर्दला शासकीय तंत्रनिकेतन आणि शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय, दोन्ही आहेत. पहिल्यात दहावीनंतर जाता येतं, दुसऱ्यात बारावी आणि सीईटीनंतर. अभियंता व्हायचं पक्कं असेल, तर वर्षांचा हिशेब मांडून पाहा. बारावीची दोन आणि पदवीची चार, मिळून सहा. डिप्लोमाची तीन आणि नंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळाला तर तीन, मिळून सहाच. फरक एवढा की डिप्लोमावाल्याच्या हातात तिसऱ्या वर्षाअखेर नोकरीजोगा कागद असतो. घरची परिस्थिती बिघडली तर तो चाकणला कामाला लागू शकतो आणि पदवी नंतर करू शकतो. बारावीवाल्याकडे त्या टप्प्यावर असा कागद नसतो, पण कृषी, फार्मसी, शुद्ध विज्ञान, संरक्षण दल या वाटा त्याला मोकळ्या असतात. डिप्लोमा करून नीट देता येत नाही. ज्याचं मन पक्कं आहे त्याने डिप्लोमा करावा. ज्याचं ठरलेलं नाही त्याने बारावी करावी.

आयटीआयचं गणित आणखी वेगळं. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, कोपा (संगणक चालक) हे एका वर्षाचे. चाकण औद्योगिक वसाहत पेठपासून तासाभराच्या अंतरावर आहे, त्यामुळे शिकाऊ उमेदवारी मिळण्याची शक्यता आपल्या मुलांना इतरांपेक्षा जास्त. आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं असंही नाही. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं, आणि तिथून पदवीकडे. मात्र ट्रेड निवडताना एक वर्षाचा की दोन वर्षांचा हे पाहून घ्यावं, कारण पुढच्या शिक्षणाची सोय त्यावर ठरते.

अर्ज भरताना

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाला. त्याआधी तो पुणे-पिंपरी चिंचवड आणि इतर काही महानगरांपुरता होता. मंचर, नारायणगाव, जुन्नर, घोडेगाव, ओतूरच्या कॉलेजांत थेट जाऊन अर्ज देता येई. आता अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्यात वैयक्तिक माहिती, गुण आणि आरक्षणाचा तपशील. दुसऱ्यात कॉलेजांचा पसंतीक्रम. किमान एक आणि कमाल दहा पसंती देता येतात.

इथे सर्वांत महाग पडणारी चूक पहिल्या क्रमांकाची. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. म्हणून "मित्राने टाकलं म्हणून" पुण्याचं नावाजलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नये. तिथे राहण्याची सोय ठरलेली असेल तरच टाकावं. जिथे खरोखर जायचं आहे ते पहिलं, आणि त्याखाली जाता येण्याजोगी बाकीची.

पेठच्या मुलासाठी यादी अशी करता येईल. मंचरला रयत शिक्षण संस्थेचं अण्णासाहेब आवटे महाविद्यालय. त्याच्या विज्ञान विभागाला जवळच्याच महाळुंगे पडवळचे हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव आहे. दक्षिणेला घाट उतरून राजगुरुनगरचं हुतात्मा राजगुरू महाविद्यालय. घोडेगावला बी. डी. काळे महाविद्यालय. नारायणगावला ग्रामोन्नती मंडळाचं महाविद्यालय. जुन्नरकडच्या गावांतल्या मुलांसाठी जुन्नरचं श्री शिवछत्रपती महाविद्यालय आणि ओतूरचं अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालय. शिवाय अनेक माध्यमिक विद्यालयांना जोडून कनिष्ठ महाविद्यालयं आहेतच. एकाच कॉलेजची अनुदानित तुकडी, विनाअनुदानित तुकडी आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकडी यांना वेगळे संकेतांक असतात आणि शुल्कात बराच फरक पडतो. संकेतांक नीट वाचूनच भरावा.

पसंती टाकण्याआधी कॉलेजात जाऊन चार प्रश्न विचारावेत. आपल्याला हवे ते सहाही विषय इथे आहेत का? प्रत्येक विषयाला नियमित शिक्षक आहेत का? प्रयोगशाळेत प्रात्यक्षिकं आठवड्याला होतात की परीक्षेच्या तोंडावर? शेवटची बॅच किती वाजता सुटते?

एसटी, शुल्क, वसतिगृह

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण विज्ञान शाखेत तोच निर्णायक ठरतो. प्रात्यक्षिकाची बॅच संध्याकाळी सुटली आणि वाडीवर जाणारी शेवटची गाडी चुकली, तर फाट्यावरून उसाच्या कडेने चालत जावं लागतं. जुन्नर वनविभागात बिबट्याचा वावर लक्षात घेता ही चिंता खोटी नाही. एसटीचं वेळापत्रक आणि कॉलेजचं वेळापत्रक शेजारी ठेवून पाहावं आणि प्रवेशाच्या वेळीच सकाळची किंवा दुपारची बॅच मागून घ्यावी. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे; मुलांना मासिक पासात दोन तृतीयांश सवलत मिळते.

डिंभे धरणाच्या वरच्या, भीमाशंकरकडच्या आदिवासी गावांतल्या मुलांसाठी घोडेगावला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. शासकीय वसतिगृहाची आणि इतर योजनांची चौकशी तिथे करावी. वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो. कॉलेजचा प्रवेश झाला म्हणजे वसतिगृह मिळालं असं नाही.

शिष्यवृत्तीचा विचार खरं तर आठवीतच सुरू व्हायला हवा. आठवीत एनएमएमएस परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झाली, तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, २०२४-२५ पासून राज्य सरकार पूर्ण भरतं. "मुलीला इंजिनिअरिंग परवडणार नाही" असं म्हणण्याआधी हा हिशेब करून पाहावा.

दोन वर्षांचं वेळापत्रक

अकरावीची परीक्षा कॉलेज घेतं, म्हणून ते वर्ष आरामाचं समजलं जातं. एमएचटी-सीईटीत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, नीटमध्ये दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम असतो. सीईटीत भौतिक आणि रसायनचे प्रत्येकी ५० प्रश्न एका गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न दोन गुणांचे, एकूण २०० गुण. चुकीला गुण कापत नाहीत. नीटमध्ये १८० प्रश्नांना ७२० गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. सीईटीत येत नसलेल्या प्रश्नालाही उत्तर द्यावं. नीटमध्ये मात्र अंदाज महागात पडतो.

सीईटीच्या तयारीत बारावीचे गुण विसरू नयेत. अभियांत्रिकीला ठरलेल्या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के लागतात. समजा, भौतिकशास्त्रात ४८, रसायनशास्त्रात ५०, गणितात ३६. मुलगा तिन्ही विषयांत पास आहे. बेरीज १३४, म्हणजे ४४.६७ टक्के. खुल्या प्रवर्गातल्या या मुलाला सीईटीत उत्तम पर्सेंटाइल असलं तरी प्रवेश मिळत नाही. 'कॉलेज मंचरला, क्लास पुण्याला' अशी व्यवस्था करून वर्गाकडे आणि प्रात्यक्षिकांकडे पाठ फिरवणाऱ्यांचे गुण नेमके इथेच कमी पडतात.

कागदपत्रांचं काम अकरावीतच सुरू करावं. जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर यांसाठी मंचरचं प्रांत कार्यालय; उत्पन्न आणि अधिवासाच्या दाखल्यांसाठी आंबेगावकरांना घोडेगावची, जुन्नरकरांना जुन्नरची तहसील कचेरी. अर्ज गावाजवळच्या सेवा केंद्रातून करता येतो. सर्वांत वेळखाऊ काम जात वैधता प्रमाणपत्राचं. त्याला आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या किंवा महसुली नोंदी लागतात, त्या शोधण्यातच महिने जातात. बारावीचा निकाल लागल्यावर या कामाला लागणाऱ्यांची प्रवेशफेरी हुकते. बारावीच्या वर्षी हिवाळ्यापासून सीईटी आणि नीटच्या अर्जांच्या तारखांवरही लक्ष ठेवावं.

बेत फसला तर

दहावीत एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो आणि निकालानंतर लगेच पुरवणी परीक्षा असते. अकरावीत पहिल्या काही आठवड्यांत विषय किंवा शाखा बदलणं सोपं असतं, नंतर अवघड होत जातं. विज्ञानाकडून वाणिज्य किंवा कलेकडे वळता येतं. उलट दिशेने वळणं जवळपास अशक्य. म्हणून मन द्विधा असेल आणि अभ्यासाची तयारी असेल, तर आधी जास्त दारं उघडी ठेवणारे विषय घ्यावेत. पण सहा महिने मनापासून करूनही जमत नसेल, तर लोकलाजेसाठी ते ओढत राहू नये. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते. बारावीत गुण कमी पडले तर श्रेणीसुधाराची संधी असते.

आता प्रत्यक्ष काम. एका कोऱ्या कागदावर मुलाने किंवा मुलीने स्वतःच्या हाताने, बारावीनंतर करण्याजोगी वाटणारी तीन कामं लिहावीत. प्रत्येकासमोर लागणारे विषय, प्रवेशपरीक्षा, किमान टक्के आणि लागणारी वर्षं लिहावीत. तिन्ही ओळींत समान असलेले विषय अधोरेखित करावेत. ते तर घ्यायचेच. उरलेल्या जागांसाठी आपल्या आवाक्यातल्या कॉलेजात काय मिळतं ते पाहावं. हा कागद वर्गशिक्षकांना आणि त्या वाटेने दोन-तीन वर्षांपूर्वी गेलेल्या गावातल्या एखाद्या ताईला किंवा दादाला दाखवावा. वडीलधाऱ्यांनी शंका विचाराव्यात, खर्च सांगावा, पण पेन मुलाच्याच हातात राहू द्यावं. दोन वर्षं पहाटे उठून त्या विषयांचा अभ्यास त्यालाच करायचा आहे.